डाळ पडते तेवढ्या वेळात

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये, लोखंडी जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या माचीवर मी उभा होतो. खालून चाळण्यांची घरघर येत होती आणि हवेत तुरीच्या टरफलाची बारीक भुकटी तरंगत होती. समोर कपाटाएवढं एक यंत्र. वरच्या हॉपरमधून डाळ थरथरत्या ट्रेवर येत होती, तिथून तिरक्या घसरगुंड्यांवर, आणि घसरगुंडी संपली की मोकळ्या हवेत. घरघरीतूनही एक आवाज वेगळा ओळखू येत होता. वळवाचे पहिले थेंब पत्र्यावर पडावेत तशी अनियमित टिकटिक.

"ऐकायलात का, सर?" ऑपरेटर माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला. "एक टिक म्हणजे एक डागी डाळ. माल चांगला असला की हे गप असतंय. खराब आला की बडबडाया लागतंय."

मराठवाड्यातच कशाला, अकोल्यात, जळगावात, कुठल्याही डाळ-तांदळाच्या पेठेत या यंत्राला सॉर्टेक्स म्हणतात. सॉर्टेक्स ही खरं तर लंडनमधली एक कंपनी, दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झालेली. पुढे ती स्वित्झर्लंडच्या ब्यूलर कंपनीकडे गेली. आपल्याकडे मात्र यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, नाव सॉर्टेक्सच, आणि त्यातून निघालेली डाळही 'सॉर्टेक्स डाळ'. लातूरची फटका तूरडाळ या यंत्रातून गेली की तिचा रंग एकसारखा दिसतो आणि पेठेत तिला भाव मिळतो.

यंत्रात काय होतं ते थोडक्यात सांगता येईल. घसरगुंडीवरून सुटलेली डाळ खाली पडत असताना पुढून आणि मागून कॅमेरे तिच्याकडे बघतात. काळी, डागी, टरफल चिकटलेली डाळ किंवा खडा दिसला, की थोडं खाली असलेल्या नळीतून दाबाखालच्या हवेची फुंकर सुटते आणि तेवढाच दाणा बाजूच्या कप्प्यात उडतो. टिक वाजते ती त्या नळीच्या व्हॉल्व्हची, ज्याला ऑपरेटर इजेक्टर म्हणतो. हे समजायला सोपं आहे. मी लातूरला गेलो होतो ते यातल्या मधल्या टप्प्यासाठी. कॅमेऱ्यानं बघितलं आणि नळीनं फुंकलं, या दोहोंच्या मध्ये काही क्षण जातात. तेवढ्यात ते चित्र कुणाच्या हातात असतं?

आकडे मांडून बघू. समजा डाळ सेकंदाला तीन मीटर वेगानं पडते आहे आणि कॅमेऱ्याच्या नजरेची रेघ व हवेची नळी यांत नऊ सेंटिमीटर अंतर आहे. डाळीला ते अंतर कापायला ३० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात उजेडाचं विजेत, विजेचं आकड्यांत रूपांतर व्हायला हवं, ते आकडे विचार करणाऱ्या चिपपर्यंत पोचायला हवेत, निर्णय व्हायला हवा आणि व्हॉल्व्ह उघडायला हवा. तोही नेमका त्या दाण्यासमोर. एक मिलिसेकंद उशीर झाला तर डाळ तीन मिलिमीटर खाली गेलेली असते, म्हणजे जवळजवळ अर्धी डाळ. दोन मिलिसेकंद चुकले की डागी डाळ सुटते आणि तिच्या मागची चांगली डाळ उडते.

हा कॅमेरा आपल्या मोबाइलमधल्यासारखा नाही. त्याच्या चित्राला उंची नसते. तो एका वेळी फक्त एक आडवी रेघ बघतो, म्हणून त्याला लाइन स्कॅन म्हणतात. एका रेघेत २०४८ बिंदू आणि प्रत्येक बिंदूचे तीन रंग धरा. तीन मीटर वेगानं पडणाऱ्या डाळीचा दर ०.३ मिलिमीटरला एक तुकडा हवा असेल, तर सेकंदाला अशा १०,००० रेघा घ्याव्या लागतात. म्हणजे सेकंदाला सहा कोटींहून जास्त आकडे. डाळ नळीपर्यंत पोचते त्या ३० मिलिसेकंदांत अठरा लाख. यातला कोणताही आकडा मागेपुढे होऊन चालत नाही, कारण रेघ कितवी आहे यावरूनच डाळ आत्ता कुठे आहे ते कळतं.

हे आकडे झेलणारा, त्यांना क्रमानं लावणारा आणि वेळ न चुकवता पुढे देणारा जो बोर्ड असतो, त्याच्यासाठी मी इतका प्रवास केला. सॉर्टेक्समध्ये तो बहुधा कॅमेऱ्याच्या मागेच, पत्र्याच्या पेटीत असतो. इतर कारखान्यांत तो संगणकाच्या पोटात खोचलेलं कार्ड असतो. त्याचं नाव फ्रेम ग्रॅबर. आमच्या धंद्यात नुसतं 'ग्रॅबर कार्ड' म्हणतात. मशीन व्हिजनवर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं, कॅमेऱ्याबद्दल आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सबद्दल. या कार्डाबद्दल कुणी लिहीत नाही. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं याच कार्डाशी झगडण्यात गेली, आणि यंत्राची नजर म्हणजे काय हे मला जे काही समजलं ते त्यानंच शिकवलं.

•

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत लागलो. काम होतं वॉशर तपासण्याचं. पट्ट्यावरून वॉशर जाणार, वर कॅमेरा, आणि संगणकानं आतल्या भोकाचा व्यास मोजायचा. कॅमेरा काळा-पांढरा होता आणि त्याच्या पाठीतून निघणारी वायर थेट टीव्हीच्या मॉनिटरला जोडली तरी चित्र दिसायचं. कारण तो सिग्नल टीव्हीचाच होता.

हे लक्षात घेतल्याशिवाय ग्रॅबर हे नाव कळत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा आपल्या घरांत जे चित्र आलं ते ६२५ रेघांचं, सेकंदाला २५ वेळा काढलेलं होतं. कारखान्यातला कॅमेराही तेच चित्र द्यायचा. टीव्हीसाठी लाखोंनी बनणारे सुटे भाग स्वस्त होते, म्हणून कारखान्यानंही तेच उचलले. पण टीव्हीचा सिग्नल माणसाच्या डोळ्यासाठी बांधलेला. तो कुणासाठी थांबत नाही. एक रेघ ६४ मायक्रोसेकंदांत येते आणि जाते, त्यातलं प्रत्यक्ष चित्र ५२ मायक्रोसेकंदांचं. संगणकाला त्यातून एक स्थिर चौकट हवी असते. वाहत्या पाटातून नेमकी हवी तीच ओंजळ उचलायची, तसं हे काम. चौकट पकडायची म्हणून फ्रेम ग्रॅबर.

आमचं कार्ड हातभर लांब होतं आणि त्यावर मेमरीच्या चिप्स ओळीनं बसवलेल्या होत्या. चित्र ५१२ बाय ५१२ बिंदूंचं. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे साडेसहा मेगाबाइट. आज हा आकडा ऐकून नातवंडं हसतील, पण तेव्हाच्या संगणकातल्या वाटेला, म्हणजे आयएसए बसला, तेवढं सतत ओढणं झेपत नसे. म्हणून चित्र आधी कार्डावरच्या मेमरीत साठायचं आणि संगणक सवडीनं तिथून वाचायचा.

पहिल्या दिवशी मी गोल वॉशर ठेवला, आणि मोजणी आली उभा ३०० बिंदू, आडवा साधारण २००. वॉशर चांगला होता, हे मी हातातल्या व्हर्नियरनं पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी ध्यानात आलं की टीव्हीची चौकट चारास तीन या प्रमाणात रुंद, आणि कार्ड प्रत्येक रेघेचे तुकडे पाडत होतं स्वतःच्या घड्याळानं. बिंदू चौकोनी नव्हतेच, आडवे पसरट होते. बिंदू चौकोनी हवे असतील तर आपल्या ६२५ रेघांच्या पद्धतीत सेकंदाला एक कोटी साडेसत्तेचाळीस लाख वेळा मोजमाप घ्यावं लागतं, तेव्हा ७६८ बाय ५७६ असं चित्र मिळतं. आमचं कार्ड त्याहून सावकाश मोजत होतं. पाहणाऱ्याचं घड्याळ बदललं की गोलाचा आकार बदलतो, हे मला त्या वॉशरनं दाखवलं.

दुसरी अडचण पट्टा चालू केल्यावर आली. वॉशरच्या कडा फणीसारख्या दिसू लागल्या. टीव्हीचं चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी विषम रेघा, मग २० मिलिसेकंदांनी सम. तेवढ्यात आमचा पट्टा पाच मिलिमीटर पुढे सरकलेला. एका चित्रात दोन वेगवेगळ्या क्षणांचे वॉशर गुंफलेले होते. आम्ही निम्म्या रेघा टाकून दिल्या आणि वरून फ्लॅशचा दिवा उडवला, जेणेकरून उजेड असेल तेवढाच क्षण चित्रात यावा. उभी अचूकता निम्मी झाली, पण चित्र एका क्षणाचं झालं.

तिसरी अडचण मात्र महिनाभर छळत राहिली. दुपारी तीननंतर चांगले वॉशर नापास व्हायचे. सिग्नलमधला चित्राचा भाग म्हणजे शून्य ते ०.७ व्होल्ट. त्याचे २५६ भाग पाडले की एका छटेच्या वाट्याला तीन मिलिव्होल्टसुद्धा येत नाहीत. शेजारच्या शेडमध्ये तीन वाजता वेल्डिंग सुरू व्हायचं आणि त्याची कुरकुर आमच्या वायरीत शिरायची. डोळ्याला मॉनिटरवर काही दिसत नसे, पण कडेची जागा ठरवणाऱ्या आकड्यांत ती उतरायची. वायरीचं शील्डिंग आणि अर्थिंग नीट केलं तेव्हा हा त्रास थांबला. त्या महिन्यात ग्राहकानं परत पाठवलेल्या खोक्यांपुढे मी आणि माझा सहकारी रात्री उशिरापर्यंत हातानं वॉशर मोजत बसायचो. खोक्यातले बहुतेक चांगले होते. आमच्या यंत्रानं चांगल्या मालावर खोटा आळ घेतला होता, हे मला आजही विसरता येत नाही.

•

पुढची हकीकत वेगानं सांगतो, कारण ती बरीचशी वायरींची हकीकत आहे. १९९२ मध्ये इंटेलनं आणलेली पीसीआय बस काही वर्षांत सगळ्या संगणकांत आली. सेकंदाला १३३ मेगाबाइटची वाट मिळाली, आणि कार्ड प्रोसेसरला न विचारता चित्र थेट संगणकाच्या मेमरीत उतरवू लागलं. मग कॅमेरेच डिजिटल झाले. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची वायर वेगळी, जाडजूड, अनेक पिनांची. एक पिन वाकली की दिवस गेला. २००० साली कॅमेरा लिंक नावाचं मानक ठरलं आणि हा जाच संपला. कोणताही कॅमेरा कोणत्याही कार्डाला जोडता येऊ लागला, केबल दहा मीटरपर्यंत आणि वेग साध्या जोडणीतही सेकंदाला २५५ मेगाबाइट.

२००६ मध्ये गिगई व्हिजन आलं. ऑफिसातल्या नेटवर्कची साधी केबल, शंभर मीटर लांब, संगणकात आधीच असलेलं भोक. कार्ड नकोच! तेव्हा ग्रॅबरचे दिवस संपले असं जो तो म्हणत होता आणि मीही तेच म्हणत होतो. ते पुष्कळसं खरंही ठरलं. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात आज जे कॅमेरे बाटलीचं झाकण, लेबलवरची तारीख किंवा बोल्टचे आटे तपासतात, त्यांतल्या बहुतेकांना कार्ड लागत नाही, आणि तिथे त्यावर पैसे घालू नयेत असंच माझं मत आहे.

पण नेटवर्कवरून चित्र येतं ते छोट्या छोट्या पाकिटांत. एखादं पाकीट हरवलं तर पुन्हा मागवावं लागतं. ते उघडून जुळवायचं काम प्रोसेसरचं, आणि प्रोसेसरला त्याच वेळी दुसरी पन्नास कामं. संगणकावर माउस क्षणभर अडकतो तसा अनुभव सगळ्यांना असतो. टेबलावर बसलेल्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही. लातूरच्या यंत्रात तेवढ्या वेळात डाळ पोत्यात पोचलेली असते. सरासरी वेग कितीही असो, सगळ्यात वाईट क्षणी किती उशीर होईल याची हमी हवी असते. ती हमी देणारी एफपीजीए नावाची चिप या बोर्डांवर असते. तिच्यातलं सर्किट आपल्या कामापुरतं आखून घेता येतं. त्याला दुसरं कामच नसतं. सिग्नल आला की ठरलेल्या इतक्या मायक्रोसेकंदांनी चित्र, त्यानंतर इतक्यांनी निर्णय, पहाटे असो की भर दुपारी.

मग २०११ च्या सुमारास कोएक्सप्रेस आलं आणि एक जुनी ओळखीची वायर परतली. तीच गोल, मध्ये तांब्याची तार असलेली कोॲक्सियल केबल, टीव्हीच्या काळातली. आता तिच्यातून सेकंदाला ६.२५ गिगाबिट धावतात, २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत १२.५. चार केबल एकत्र जोडल्या की ५०. कॅमेऱ्याची वीजही त्याच तारेतून जाते आणि 'आता टिप' हा इशाराही. या केबलचं टोक मात्र संगणकाच्या साध्या भोकात बसत नाही. तिला ग्रॅबर कार्ड लागतंच. मोबाइलचा पडदा तपासायला ६५ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला ७० चित्रं काढतो, म्हणजे सेकंदाला साडेचारशे कोटी बाइट. ते गिळायला आज दुसरा सोपा मार्ग नाही. संपलं म्हणून ज्याला आम्ही निरोप दिला होता ते कार्ड अवघड जागी पुन्हा जाऊन बसलं.

वेगाहूनही मला या कार्डाचं मोल वाटतं ते एका साध्या कामासाठी, मोजणीसाठी. कापड तपासणीचं उदाहरण घ्या. रोलरवरून कापड चाललंय, वर लाइन स्कॅन कॅमेरा. रोलरचा वेग कधी वाढतो, कधी दोरा अडकून कमी होतो. कॅमेरा आपल्याच तालात रेघा घेत राहिला तर कापड सावकाश असताना डाग लांबट दिसेल आणि वेगात असताना चपटा. म्हणून रोलरच्या दांड्याला एन्कोडर बसवतात. कापड दर दशांश मिलिमीटर सरकलं की तो एक ठोका देतो. कार्ड ते ठोके मोजतं आणि प्रत्येक ठोक्याला एकच रेघ मागतं. रोलर थांबताना किंचित उलटा फिरला तर तेही कार्डाला कळतं. एन्कोडरकडून दोन ठोके थोड्या अंतरानं येतात आणि त्यांच्या क्रमावरून दिशा समजते. मग कार्ड तेवढ्या रेघा मनात वजा करतं आणि कापड पुन्हा त्याच जागी येईपर्यंत नवी रेघ घेत नाही. डाग कापडाच्या कितव्या मीटरवर आहे हे त्यामुळे खात्रीनं सांगता येतं आणि कापणारा माणूस नेमका तिथेच कात्री लावतो.

अलीकडे अनेक ठिकाणी मला बोलावतात ते 'एआय बरोबर शिकत नाही' म्हणून. हजारो चित्रं दाखवली तरी नापास-पास गोंधळतं. मी आधी चित्रं तारखेवार मागतो आणि ट्रिगरची वायर बघतो. कितीदा तरी असं आढळतं की सेन्सरनं इशारा दिला एका नगासाठी आणि चित्र आलं त्याच्या पुढच्याचं. माणसानं नापास नगावर खूण केली, पण संगणकाला दाखवलं गेलं दुसऱ्याच नगाचं तोंड. अशा चित्रांवर कितीही हुशार प्रोग्रॅम शिकवा, तो चुकीचंच मन लावून शिकणार.

•

लातूरला त्या दिवशी दुपारी मालात फरक पडू लागला. चांगल्या पोत्यात काळी डाळ दिसत होती आणि बाजूच्या रिजेक्शनच्या कप्प्यात पिवळीधमक. ऑपरेटरनं आधी फडक्यानं काच पुसली. मग सेन्सिटिव्हिटी वाढवली, तर टिकटिक दुप्पट झाली आणि रिजेक्शनमध्ये चांगली डाळ आणखी वाढली. पुण्याहून आलेला सर्व्हिसचा मुलगा तोवर खाली कंप्रेसरपाशी गेला होता. तो वर आला. "काल इथे नवीन पाइप टाकलाय, लांबून फिरवून," तो मला म्हणाला. "हवेचा दाब नळीपाशी पडतोय. व्हॉल्व्ह उघडतोय वेळेवर, पण फुंकर पोचतीय उशिरा." कॅमेरा बरोबर बघत होता, बोर्ड बरोबर मोजत होता, फक्त शेवटचे काही इंच मागे पडत होते. पाइप बदलायला संध्याकाळ होणार होती. तोपर्यंत त्यानं पडद्यावर डिले नावाचा आकडा काढला आणि एका टप्प्यानं कमी केला. म्हणजे बोर्ड आता व्हॉल्व्हला अंमळ आधी हाक देणार.

आम्ही तिघं कान देऊन उभे राहिलो. टिकटिक तितकीच होती. कप्पा मात्र हळूहळू काळा दिसू लागला.

खाली उतरलो तर भिंतीशी एक मावशी बसल्या होत्या. पुढ्यात सूप आणि दुपारच्या रिजेक्शनचा ढीग. फुंकर सुटते तेव्हा डागी दाण्याबरोबर शेजारचे चांगले दाणेही उडतात, म्हणून हा माल दुसऱ्यांदा यंत्रातून फिरवतात. पण दुपारी चुकलेला माल मालकांनी आधी मावशींकडे दिला होता. किती चांगली डाळ वाया चालली होती ते त्यांना हातानं बघायचं होतं.

मी शेजारी पोत्यावर बसलो. मावशी म्हणाल्या, "हे मशीन यायच्या आधी हितं दोन्ही अंगाला बाया बसायच्या निवडायला. माझी आईबी. आता मी एकलीच, तेबी असं काही बिघडलं की." त्यांच्या आवाजात तक्रार होती, आणि ती रास्त होती. ज्यांच्या डोळ्यांवर ही पेठ उभी राहिली, त्या बायांना यंत्र आलं तेव्हा कुणी दुसरं काम शिकवलं नाही. ऑपरेटरच्या जागेवर त्यांच्यातली एखादी का नाही, हा प्रश्न मी मालकांना विचारला. ते गप्प राहिले आणि मग चहा मागवला.

मावशींनी सूप हातात घेतलं. दोन झटके, तिसऱ्या झटक्याला डाळ वर उडाली आणि टरफल सुपाच्या तोंडाशी येऊन पुढे सांडलं. मग त्यांनी डाळ पसरली आणि बोटं चालू लागली. त्या एकेका दाण्याकडे बघत नव्हत्या. नजर सबंध सुपावर होती आणि बोट बरोबर काळ्या दाण्यावर पडत होतं, उचलत होतं, मागे टाकत होतं, तोवर नजर पुढे गेलेली.

"मावशी, बोटाला कसं कळतं कुठं जायचं?" मी विचारलं.

"नजर आधी जाती," त्या म्हणाल्या, "बोट मागनं येतंय. घाई केली की चांगली उचलली जाती."

वर माचीवर यंत्राची टिकटिक चालूच होती. मावशींनी निवडलेली डाळ पितळी मापात ओतली, मापाच्या काठाशी तळहात फिरवला आणि वरची भर पुन्हा सुपात घेतली.